मी दिलेली तिची मुलाखत

आमच्या भावकीत मुलगी दाखवायची असली की मला बोलावणं यायचं. मी तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होतो. माझं स्वतःचं लग्न झालेलं नव्हतं, पण इंटरपर्यंत शिकून नगरला कचेरीत कारकून झालेला घरातला मी एकटाच. पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावात पाहुणे येऊन सतरंजीवर बसले, पावसापाण्याचं बोलून झालं, की थोरली माणसं गप्प व्हायची आणि कुणीतरी म्हणायचं, "आता ह्यो सांगंल." मग मी सांगायचो. मुलगी किती शिकली, भाकरी कशी करते, खुरपणीला कशी चपळ, चुलतीच्या बाळंतपणात तिनं घर कसं एकटीनं ओढलं. मुलगी पाटावर खाली मान घालून बसलेली असायची. नाव विचारलं तर तिनं नाव सांगायचं, बाकी सगळं तिच्या वतीनं आम्ही. सावळी असली तर गहूवर्णी म्हणायचं. तापट असली तर मनाची साफ म्हणायचं. हे मला चांगलं जमायचं, आणि जमतं याचा ताठाही होता.

हे आधी सांगतो आहे, कारण पुढं जे झालं ते याच्यातूनच झालं. माझ्या मनात काही वाईट नव्हतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. तेही तपासून पाहायला हवं.

माझी धाकटी बहीण तेव्हा माझ्याजवळ, नगरला लागून असलेल्या केडगावात राहायची. पुण्याच्या रस्त्यालगत आमची एक खोली होती. सकाळी ती भाकरी करून डबा बांधायची, मी तिला सायकलच्या कॅरिअरवर बसवून जकात नाक्यापर्यंत आणायचो, तिथून ती कॉलेजला पायी जायची. त्या वर्षी ती प्री-डिग्री सायन्स चांगल्या मार्कांनी पास झाली. आमच्या गावातली तिथवर गेलेली पहिली मुलगी.

नर्सिंगचं खूळ तिच्या डोक्यात आदल्या वर्षी शिरलं होतं. आईचं पोटाचं ऑपरेशन शहरातल्या मिशनच्या दवाखान्यात झालं, तेव्हा आईजवळ हीच राहिली. त्या वॉर्डच्या मोठ्या सिस्टर नगरच्याच होत्या, ख्रिस्ती, पन्नाशीच्या, मोठ्या आवाजाच्या. त्यांनी हिला नाडी मोजायला शिकवली, थर्मामीटर झटकायला शिकवला. आई घरी आल्यावरही ही अधूनमधून त्यांच्याकडे जायची. त्यांनीच तिला सांगितलं, की नर्सिंगचा डिप्लोमा सगळ्याच करतात, पण मुंबईला आता पदवीचं कॉलेज आहे, चार वर्षांचं, बी.एस्सी. "तुझ्या डोक्याला ते पुरेल," असं त्या म्हणाल्या. माझी बहीण ते वाक्य कितीतरी दिवस घोळवत होती.

गावाकडं हे कळल्यावर जे व्हायचं ते झालं. कुणी म्हणालं, परक्याची घाण काढायला एवढं शिकवलं होय? कुणी म्हणालं, सुईणीच्या कामाला कॉलेज कशाला लागतं? आमचे आबा, म्हणजे वडील, जास्त बोलणारे नव्हते. विहीर आटलेली होती, दुष्काळी कामावर खडी फोडून ते संध्याकाळी घरी यायचे आणि भिंतीला टेकून बसायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मिळालं तर जाऊ दे तिला. न्हाई मिळालं तर सुप्याकडलं ठिकान आलंय, त्यांना दसऱ्यानंतर या म्हनतो." म्हणजे तिच्यापुढं दोनच वाटा होत्या, आणि दोन्ही आबांनी सरळ मनानं सांगितल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात दडपण नव्हतं. तरी ती रात्रभर कूस बदलत होती.

अर्ज गेला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मग सिस्टर तिची तयारी करून घ्यायला लागल्या. त्या प्रश्न विचारायच्या, ही उत्तर द्यायची, आणि खोलीवर आली की स्टोव्हसमोर उभी राहून तीच उत्तरं पुन्हा म्हणायची. हातात उलथणं, समोर तवा, आणि ही तव्याला सांगते आहे की मला नर्स का व्हायचंय. तिचं मुख्य उत्तर आईच्या सलाइनचं होतं. एका संध्याकाळी सलाइनची बाटली रिकामी होत आली, वॉर्डात कुणी नव्हतं, आई झोपलेली. बाटली संपण्याआधी नळी बंद करायची हे हिनं पाहिलं होतं. हिनं नळी चिमटीत दाबून धरली आणि हाका मारल्या. "मला खूप भीती वाटत होती," असं ती म्हणायची, "पण हात बरोबर जागी गेला. तेव्हा मला कळलं, की भीती वाटत असली तरी माझा हात चालतो." हे ती दर वेळी थोडं वेगळं म्हणायची. मला ते पाठ झालं होतं. आणि खरं सांगायचं तर मला वाटायचं, मुलीच्या जातीनं स्वतःबद्दल इतकं बोलू नये. मी तसं म्हणालो नाही. मनात ठेवलं, आणि ते तिथं वाढत राहिलं.

मुंबईला आमचे चुलते गिरणीत होते. आमच्या तालुक्यातली निम्मी घरं अशीच गिरण्यांच्या आधारानं उभी. चाळीतल्या त्यांच्या खोलीत आम्ही आदल्या दिवशी उतरलो. काकींना मुलाखत म्हणजे काय ते मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हंजी बघायचाच कार्यक्रम की. चार मानसं बसनार, पोरीला बघनार, पसंत पडली तर घेनार." मी हसलो. पण मला ते पटलंही. दुसरी कुठली तऱ्हा मी पाहिली होती?

सकाळी काकींनी तिला नटवलं. स्वतःची हिरवी साडी काढली, तेल चोपडून वेणी घट्ट घातली, गजरा माळला, हातात काचेच्या बांगड्या भरल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लावला.

"खाली बघायचं. इचारलं तेवढंच बोलायचं. बाकीचं बोलायला तुजा दादा हाय."

"काकी, तिथं मलाच विचारणार आहेत."

"इचारत्याल की. म्हनून का लगीच बोलायचं?"

चुलते दाढी करता करता हसले. बहीण हसली नाही. बसमध्ये ती खिडकीकडं तोंड करून बसली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "दादा, तिथं तू बोलू नकोस."

"मी कशाला बोलतोय?"

"तुझी जीभ आत्ताच वळवळायला लागलीय. दिसतंय मला."

कॉलेजच्या व्हरांड्यात बाकावर इतर मुली बसल्या होत्या. बहुतेक मुंबईच्या. आयांबरोबर आलेल्या, मोठ्यानं बोलणाऱ्या, एकदोघी तर चक्क इंग्रजीत हसणाऱ्या. माझ्या बहिणीनं त्यांच्याकडं पाहिलं, वेणीतला गजरा ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो कापडी पिशवीत टाकला. तेवढ्यात शिपायानं नाव पुकारलं आणि पालकांनीही आत यावं असं सांगितलं. ते 'पालकांनीही' ऐकून मला बरं वाटलं. माझ्या अंगात एकदम तो सतरंजीवरचा माणूस उभा राहिला.

आत तिघं होती. मधे प्राचार्या, पांढऱ्या साडीतल्या, चष्मा लावलेल्या. एका बाजूला एक डॉक्टर, दुसऱ्या बाजूला एक तरुण बाई टिपणं घेणाऱ्या. मी सगळ्यांना नमस्कार केला. बहीण खुर्चीच्या कडेवर टेकली. ती खाली बघत होती. काकींनी सांगितलं म्हणून, की गावात लहानपणापासून तसंच बसायची सवय म्हणून, मला माहीत नाही.

कुठून आलात, घरी कोण कोण, हे प्रश्न दोघांना मिळून होते. ती उत्तरं मी दिली, त्यात गैर काही नव्हतं. मग प्राचार्या तिच्याकडं वळून म्हणाल्या, "तुला नर्सिंगलाच का यायचं आहे?"

'तुला' म्हणाल्या. मी ते ऐकलं. आणि शेजारी माझ्या बहिणीनं श्वास घेतलेलाही मी ऐकला, स्टोव्हसमोर ती बोलण्याआधी घ्यायची तसा. तो श्वास मला आजही ऐकू येतो. आणि तो घेऊन होतो न होतो तोच मी बोलायला लागलो.

तिचा स्वभाव मुळातच सेवाभावी आहे, असं मी सुरू केलं. मग थांबलोच नाही. घरात मोठ्यांना कधी उलट उत्तर नाही. पहाटे उठते. कसलंही काम सांगा, तोंड वाकडं करत नाही. आणि मग मी सलाइनचं सांगितलं. तिचंच. पण माझ्या तोंडून ते असं निघालं, की बाटली संपत आली तेव्हा तिनं स्वतःच्या अकलेनं काही न करता ताबडतोब सिस्टरना हाका मारल्या, इतकी ती आज्ञाधारक आहे. नळीचं मी गाळलं. भीतीचं तर गाळलंच, कारण मुलीची भीती पाहुण्यांपुढं सांगायची नसते.

डॉक्टरांनी तिला विचारलं, रक्त पाहून चक्कर येते का. मीच म्हणालो, अजिबात नाही.

प्राचार्यांनी चष्मा काढला. "आमच्याकडे पुरुषांना प्रवेश नाही," त्या म्हणाल्या. "नाहीतर तुमचा नक्की विचार केला असता."

डॉक्टर हसले. आणि मीही हसलो. मला ते शुभचिन्ह वाटलं. मुलाकडची माणसं थट्टेवर आली की बैठक जमली असं आम्ही धरायचो.

मग त्या पुढं वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "बाळ, तुझी स्वतःची इच्छा आहे ना? की घरच्यांनी पाठवलंय म्हणून आलीस?"

तिची मान आणखी खाली गेली. आमच्याकडं चारचौघांत मुलीला 'पसंत आहे का' असं विचारलं की ती अशीच मान खाली घालते, आणि सगळे समजतात, होकार आहे. मीही तसंच समजलो. इतकंच नाही, तर मी त्या तिघांकडं पाहून हसलो, 'लाजते' अशा अर्थानं. त्यांनी एकमेकांकडं पाहिलं.

"ठीक आहे. आम्ही कळवू."

आणि तिथं माझं हसू मावळलं. हा शब्द मी ओळखत होतो. ज्यांना मुलगी पसंत असते ते तोंड गोड करायला मागतात, पुढच्या बैठकीचं बोलतात. 'कळवतो' म्हणून उठणारे पाहुणे पुन्हा आमच्या उंबऱ्याला आल्याचं मला आठवत नव्हतं.

जिन्यात मी तिला विचारलं, "तू बोलली का नाहीस?"

"तुझं संपायची वाट बघत होते."

"शेवटी तर तुलाच विचारलं ना त्यांनी?"

ती एक पायरी खाली थांबली. "तू सगळं सांगून टाकलंस, दादा. सलाइनसुद्धा. माझ्याकडं काय उरलं होतं?"

परतीच्या एसटीत ती माझ्याशी काही बोलली नाही. नगरला आल्यावर बोलायला लागली, पण कामापुरतं. आणि एक नवीनच तिनं सुरू केलं. शेजारणी विचारायच्या, काय गं, मुंबईचं काय झालं? ती म्हणायची, दादाला विचारा. वाण्यानं विचारलं, साखर किती देऊ, तर म्हणाली, दादाला विचारा. मला ताप आला की काय असं वाटून आमच्या घरमालकीणबाईंनी तिला विचारलं, तुझ्या दादाला बरं नाही का, तर म्हणाली, तो माझंसुद्धा सांगतो, त्याचं त्याला विचारा. बाई हसत गेल्या. मला हसता येईना.

ते आठवडे मला एका जागी बसवत नव्हतं. आभाळात ढग यायचे आणि पुढं निघून जायचे. कचेरीत सगळे पावसाचंच बोलायचे. मी खुर्चीतून उठायचो, चहाला जायचो, परत येऊन तीच फाईल उघडायचो. संध्याकाळी सायकल काढून निरुद्देश फिरायचो. सावेडीकडं तेव्हा नुसती शेतं होती, तिकडं बांधावर उभा राहायचो, तिथंही पाय थांबायचे नाहीत. खोलीवर जावं तर ती असायची. रस्त्यावर उभं राहावं तर पुण्याकडं जाणाऱ्या गाड्या दिसायच्या.

गावी गेलो तेव्हा आबांनी विचारलं, काय म्हनले? मी म्हणालो, कळवतो म्हणालेत. आबांनीही तो शब्द आयुष्यभर ऐकलेला होता. ते म्हणाले, "मंग झालं," आणि पायातला काटा काढायला वाकले.

आता ते तपासायचं राहिलेलं. माझ्या मनात खरंच काही नव्हतं का? त्या खोलीत कुणीतरी मला प्रश्न विचारत होतं, माझं ऐकत होतं, खुर्ची देऊन. कचेरीत मला कुणी काही विचारत नसे. मला पुढं शिकायचं होतं आणि मी इंटरवर थांबलो होतो, कारण घरात पगार हवा होता. त्या दिवशी त्या कॉलेजात तिच्या जागी बसून मी दहा-पंधरा मिनिटं मुलाखत दिली, आणि ती देताना मला आनंद होत होता. दुसरं असं, की 'कळवू' ऐकल्यावर मी चरकलो हे खरं, पण घाट उतरून गाडी पुण्याच्या अलीकडं— नाही, घाट तर आम्ही चढत होतो— तिथं कुठंतरी माझ्या मनात असंही येऊन गेलं, की चला, निदान दसऱ्यापर्यंत सकाळची भाकरी सुटत नाही. आलं आणि गेलं. पण आलं होतं.

एवढं होऊनही मी एक गोष्ट केली नाही. मुंबईला परत जाऊन विचारलं नाही. ते मला सुचलंच नाही. मुलीकडच्यांनी मागं लागायचं नसतं. एकदा दाखवली, त्यांनी कळवतो म्हटलं, की आपण गप्प बसायचं. परत विचारायला जाणं म्हणजे मुलीत काहीतरी खोट आहे असं आपणच सांगणं. मी अब्रू सांभाळत बसलो होतो.

एका रविवारी मिशनच्या सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. इतके दिवस मी तो रस्ता टाळत होतो. वॉर्डाच्या मागं त्यांची लहानशी खोली होती, तिथं त्या कापसाचे बोळे करत बसल्या होत्या. बहीण दारात उभी राहिली.

"कॉलेजात जाऊन चौकशी केलीत का?" त्यांनी विचारलं.

"आपण कसं जायचं? मुलीकडचे आपण."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि त्या इतक्या हसल्या की कापूस मांडीवरून खाली पडला. हसणं थांबल्यावर मात्र त्यांचा चेहरा वेगळाच झाला.

"अहो, ते कॉलेज आहे. सोयरीक जुळवायला गेला होता का तुम्ही?"

मी खाली पडलेला कापूस गोळा करायला लागलो. खरं उत्तर 'हो' असं होतं.

त्यांनी मग सांगितलं, की दर वर्षी निवडलेल्या काही मुली ऐन वेळी येतच नाहीत. घरचे लग्न ठरवतात, नाहीतर घाबरतात. जागा रिकामी राहते. अशा वेळी जी मुलगी दारात जाऊन उभी राहते, तिचं ऐकून घेतात. "उद्या निघा," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही बाहेर थांबा. तोंड बांधून ठेवायचं असेल तर माझ्याकडे बँडेज आहे."

दारातून हसण्याचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी.

पुन्हा एसटी, पुन्हा चाळ. घाटाखाली पाऊस कोसळत होता. आमच्याकडं टँकरची वाट बघणारी माणसं सोडून आम्ही आलो होतो, आणि इथं पाणी रस्त्यावरून गटारात चाललं होतं. बहीण खिडकीतून ते बघत राहिली आणि नंतर तिनं डोळे मिटून घेतले.

सकाळी काकी हिरवी साडी घेऊन आल्या. बहिणीनं आपली पांढरी, बारीक काठाची सुती साडी नेसली होती. केसांचा साधा अंबाडा. बांगड्या काढून ठेवलेल्या, एकेक तेवढी हातात.

"ह्यो काय आवतार? शेनकूट करायला निघालीस का?" काकी म्हणाल्या.

"काकी, तिथं तसल्याच पोरी लागतात."

काकींनी माझ्याकडं पाहिलं. मी कापडी पिशवी उचलली.

व्हरांड्यात या वेळी कुणी नव्हतं. शिपाई म्हणाला, बाई कामात आहेत, आज भेटणार नाहीत. मी त्याला समजावायला उठलो. बहीण म्हणाली, "बस." मी बसलो. परत उठलो. परत "बस." मग तीच उठली, शिपायाला काहीतरी सांगितलं, तो आत जाऊन आला आणि तिला जायची खूण केली. दाराच्या अर्ध्या फळ्या तिच्या मागं हलत राहिल्या आणि थांबल्या.

मी उभा राहिलो. आतले शब्द कळत नव्हते, आवाज कळत होते. प्राचार्यांचा आवाज, मग हिचा. हिचा बारीक, पण सलग. मग पुन्हा त्यांचा, थोडा लांब, वर चढत गेलेला. प्रश्न असणार.

त्याच्यानंतर काहीच ऐकू येईना.

पाऊस पडत होता, पन्हळीतून पाणी अंगणातल्या फरशीवर आपटत होतं, आणि आत शांतता. मला वाटलं, पुन्हा तेच झालं. मान खाली गेली असणार. त्या वाट बघतायत, आणि ही गप्प आहे, आणि त्या गप्पपणाचा अर्थ त्या त्यांच्या पद्धतीनं लावणार. माझं एक वाक्य पुरलं असतं. नुसतं दार ढकलून 'तिची इच्छा आहे हो' एवढं म्हणायचं. मी दारापाशी गेलो. फळीवर हात ठेवला. शिपाई स्टुलावरून बघत होता, पण तो काही म्हणाला नाही. त्यानं अडवलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं.

माझा हात किती वेळ त्या फळीवर होता सांगता येणार नाही. मी तो काढला. काढला, कारण मला तिचा तो श्वास आठवला. गेल्या वेळी त्या श्वासानंतर काय आलं असतं ते मी कुणालाच ऐकू दिलं नव्हतं. हाताला काम हवं म्हणून मी तो पिशवीत घातला. तळाशी तो गजरा होता, वाळून तपकिरी झालेला. मी तो कुस्करत उभा राहिलो.

मग तिचा आवाज सुरू झाला. या वेळी बारीक नव्हता. एकदा मधे थांबला, पुन्हा सुरू झाला. मी दारापासून लांब जाऊन, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला, पन्हळीच्या आवाजात जाऊन उभा राहिलो. तिथून काहीच ऐकू येत नव्हतं.

ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते आणि चेहरा शांत. "चल," म्हणाली, "भूक लागलीय."

"काय झालं?"

"एका मुलीचं लग्न ठरलंय. ती येणार नाही. तिची जागा मला दिली. डॉक्टरांकडून तपासून घ्यायचं आणि पुढच्या आठवड्यात सामान घेऊन यायचं."

त्या कुठल्याशा मुलीचा विचार माझ्या मनात आला, जिच्या भावानं तिच्या वतीनं कुणाला तरी होकार दिला असेल. मग मी विचारलं, "त्यांनी काय विचारलं?"

"मागं विचारलं होतं तेच."

"मग तू काय सांगितलंस?"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ते मी त्यांना सांगितलं."

एवढंच. पुढं पुष्कळ वर्षांनी, तिची नोकरी लागून, आमच्या दोघांचे संसार मार्गी लागल्यावर, मी एकदा पुन्हा तो प्रश्न विचारून पाहिला. ती भांडी विसळत होती. म्हणाली, "अजून विचारतोस?" आणि पुढं काही नाही. त्या खोलीत ती काय बोलली हे मला माहीत नाही. सलाइनचंच बोलली की दुसरं काही, माझ्याबद्दल काही बोलली का, हेही माहीत नाही. मी ज्या ज्या मुलींच्या वतीनं बोललो, त्या सगळ्या मला कधीकधी रात्री आठवतात. त्यातल्या एखादीनं काय सांगितलं असतं? पुढं भावकीतली बोलावणी मी टाळायला लागलो. लोकांना वाटलं, नोकरीचा माज आला.

आबांनी सुप्याच्या पाहुण्यांना निरोप धाडला. मी केडगावात स्टोव्हवर भाकरी थापायला शिकलो. पहिल्या काही तर कुत्र्यानंही नाकारल्या.

एक प्रसंग सांगून थांबतो. ती शिकून एका मोठ्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळायला लागली होती. मी कामासाठी तिकडं गेलो होतो, तिला भेटायला वॉर्डात शिरलो. ती एका खाटेपाशी उभी होती. खाटेवर एक तरुण बाई, तोंडापर्यंत पदर ओढलेली. शेजारी तिचा नवरा, पटका बांधलेला. बहीण विचारत होती, कुठं दुखतं, कधीपासून दुखतं, आणि नवरा भराभर सांगत होता, हितं दुखतंय, परवापासनं दुखतंय, तसं लई न्हाई, सोसती ती. बहिणीनं त्याच्याकडं न बघताच म्हटलं, "तुम्ही जरा बाहेर थांबा."

तो बाहेर निघाला. त्याच्या मागोमाग मीही निघालो. मला कुणी सांगितलं नव्हतं.

व्हरांड्यात तो माझ्या शेजारी उभा राहिला. अस्वस्थ होता. दाराकडं दोन पावलं जायचा, परत यायचा. मग त्यानं तंबाखूची चंची काढली, मला चिमूटभर दिली.

"बाई लई कडक हाय," तो म्हणाला. "तुमचं कोन हाय आत?"

"तीच बाई. माझी बहीण."

त्यानं मला खालून वर पाहिलं.

"घरी बी आसंच बाहीर काढती का?"

"व्हय," मी म्हणालो.